लांडग्याला शस्त्र कशाला?

वार्षिक अंकासाठी लेख मागताना आमच्या सरांनी एकच अट घातली होती. “ज्याचा तुम्ही स्वतः अभ्यास केला आहे त्यावरच लिहा. गाईडातून उतरवलेले मला पहिल्या ओळीत ओळखू येते.” ही अट ऐकून मी दोन दिवस विचारात पडले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. परीक्षेपुरता अभ्यास मी करते, नाही असे नाही. पण वही घालून, आकडे मांडून, चुका करून आणि त्या निस्तरून गेल्या वर्षभरात मी ज्या एका विषयाच्या मागे लागले तो विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात कुठेच नाही. भीतभीत सरांना विषय सांगितला : ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ या संगणकावरील खेळात लांडगा होणाऱ्या पात्राने कोणते शस्त्र घ्यावे? सर हसले, आणि म्हणाले, “लिही. पण ज्याने तो खेळ पाहिलेलाही नाही त्याला कळले पाहिजे.” प्रस्तुत लेख त्या धैर्यावर लिहिला आहे.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. ‘एल्डर स्क्रोल्स’ या नावाच्या खेळांची मालिका १९९४ साली सुरू झाली. हे खेळ एकट्याने खेळायचे. ४ एप्रिल २०१४ रोजी याच मालिकेतला ‘ऑनलाइन’ खेळ निघाला. त्यात टॅम्रिएल नावाच्या एकाच भूमीवर जगभरचे हजारो लोक एकाच वेळी वावरतात. प्रत्येकाने आपले एक पात्र घडवायचे : त्याचा वंश, त्याची विद्या, त्याचे कपडे, त्याची हत्यारे. या घडवण्याला खेळाडू ‘बिल्ड’ म्हणतात. मी ‘बांधणी’ म्हणते. बांधणी चुकली तर पात्र मरत नाही, पण प्रत्येक लढाई दुप्पट वेळ खाते. ज्याच्याकडे वेळच मोजका आहे त्याला ही चूक फार महाग पडते. माझ्या रूमपार्टनरचा लॅपटॉप मला रात्री दहा ते साडेअकरा मिळतो, तोही तिचे काम नसेल तर.

या खेळात पात्राला लांडग्याचा शाप घेता येतो. बँगकोराई, रीपर्स मार्च आणि द रिफ्ट या तीन प्रदेशांत रात्री क्वचित लांडगे भेटतात. ते चावले की रोग जडतो आणि मग शिकारीचा देव हर्सीन याच्या दरबारातून जावे लागते. आधीच लांडगा असलेला दुसरा खेळाडूही चावू शकतो, मात्र त्याला हे दान सात दिवसांतून एकदाच करता येते. मला एका अनोळखी माणसाने फुकट चावले. नाव-गाव काही न विचारता तो निघून गेला. त्याचे उपकार मी अजून विसरले नाही.

लांडगाच का, असे मैत्रिणी विचारतात. त्याचे कारण शौर्याचे नाही, आमच्या हॉस्टेलच्या इंटरनेटचे आहे. या खेळात माणसाच्या रूपात लढताना प्रत्येक पात्राजवळ दोन पट्ट्या असतात. एका पट्टीवर एक शस्त्र, पाच कौशल्ये आणि एक मोठे अस्त्र, ज्याला ‘अल्टिमेट’ म्हणतात. दुसऱ्या पट्टीवर दुसरे शस्त्र आणि त्याचा तसाच परिवार. निष्णात खेळाडू दर सेकंदाला एक कौशल्य, त्याच्या आधी एक साधा वार, आणि अधूनमधून पट्टीबदल, असा ठेका धरतात. परंतु खेळाचे संगणक-सर्व्हर आहेत उत्तर अमेरिकेत आणि युरोपात. माझी कळ दाबली गेल्यापासून तिकडे पोचेपर्यंत जो क्षण जातो त्यात हा ठेका मोडतो. पट्टी बदलली असे मला वाटते आणि हातात जुनेच शस्त्र असते. लांडग्याला मात्र पट्टीबदल नाहीच. एकदा रूप घेतले की झेप, डरकाळी, विव्हळणे, पंजा आणि जखम भरणे ही त्याची स्वतःची पाचच कौशल्ये. मंद नेटवर खेळणाऱ्यासाठी याहून सोयीची बांधणी मला तरी दिसली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लांडगा झाल्यावर हातातले शस्त्र दिसेनासे होते. उरतात ती नखे. मग शस्त्र कशाला निवडायचे? बहुतेक नवे खेळाडू इथेच फसतात, आणि त्याला एक ऐतिहासिक कारण आहे. याच मालिकेतला २०११ चा ‘स्कायरिम’ हा खेळ पुष्कळांनी आधी खेळलेला असतो. त्यातही लांडगा होता येते. पण तिथे रूप पालटताच अंगावरचे सगळे उतरते आणि नखांचा जोर शस्त्रावर मुळीच अवलंबून नसतो. त्या खेळात लांडग्याच्या म्यानात सोन्याची तलवार असो की काठी, फरक शून्य. तोच समज घेऊन माणूस ‘ऑनलाइन’मध्ये येतो आणि हाताला लागेल ते शस्त्र घेऊन फिरतो.

प्रत्यक्षात ‘ऑनलाइन’मध्ये शस्त्र दिसेनासे होते, पण त्याचा हिशेब चालूच राहतो. नखांचा वार किती लागावा हे पात्राच्या ‘शस्त्रबळ’ नावाच्या आकड्यावर ठरते, आणि त्या आकड्यात हातातल्या शस्त्राचा वाटा मोठा असतो. सर्वोच्च पातळीच्या, सोनेरी दर्जाच्या दोन हाती शस्त्राचे बळ १५७१, धनुष्याचे १३३५. यावरून एक नियम काढता येतो. जे शस्त्र म्हणून मारते, म्हणजे त्याचे डाव आणि त्याची कौशल्ये, ते माणसाबरोबर मागे राहते. जे पात्राच्या अंगात उतरते, म्हणजे त्याचे बळ, त्याचा गुण, त्याच्या संचाचा लाभ, ते लांडग्याबरोबर पुढे जाते. लांडग्यासाठी शस्त्र निवडताना पहिल्याकडे दुर्लक्ष करून दुसऱ्याकडे पाहायचे.

हा नियम मला आता दोन ओळींत सांगता येतो. शिकायला मात्र दीड महिना लागला. माझ्या पुढच्या पट्टीवर दोन हाती शस्त्र होते आणि मागच्या पट्टीवर धनुष्य. दुरून बाण मारत राहायचे, अल्टिमेट भरले की लांडगा व्हायचे, असा माझा क्रम. त्यामुळे रूपांतराचे अस्त्र मी धनुष्याच्याच पट्टीवर ठेवले होते. आता, लांडगा होताना जी पट्टी हातात असेल तिचेच शस्त्र हिशेबात धरले जाते. म्हणजे दीड महिना मी २३६ ने कमी बळ घेऊन लढत होते. एवढेच नव्हे, माझ्या पाच नगांच्या संचातले दोन नग त्या दोन हाती शस्त्राचे मोजले जात (२०१८ पासून दोन हाती शस्त्र संचात दोन नगांचे धरतात), ते दोन्ही गळाले. संचाचा जो पाचवा, सर्वांत मोठा लाभ, तो लांडग्याला एकदाही मिळाला नव्हता. आणि मी दोष देत होते नेटला!

तेव्हा पहिले काम हे की रूपांतराचे अस्त्र योग्य पट्टीवर ठेवावे. शस्त्र कोणते, हा प्रश्न त्यानंतरचा.

खेळात शस्त्रविद्येच्या सहा शाखा आहेत : दोन हाती शस्त्र, दोन हातांत दोन शस्त्रे, शस्त्र आणि ढाल, धनुष्य, संहाराची काठी आणि उपचाराची काठी. यांपैकी काठ्या आणि ढाल या लेखापुरत्या सोडून देते. ज्याला समूहात ढाल होऊन उभे राहायचे आहे त्याची गोष्ट वेगळी. मारणाऱ्या लांडग्यापुढे खरे पर्याय दोनच. एक मोठे, किंवा दोन लहान.

दोन हाती शस्त्रांत तीन जाती. मोठी तलवार, मोठी कुऱ्हाड आणि घण. खेळातला त्याचा शब्द ‘मॉल’, पण मी त्याला दुसरे काही म्हणू शकत नाही. आमचे घर लोहारकाम करणारे. दादा सांडशीत तापले लोखंड धरतात आणि घण आई मारते. बाया घण मारतात याचे शहरातल्या मैत्रिणींना आश्चर्य वाटते. आमच्याकडे ते आश्चर्य नाही. लहानपणी भाता माझ्याकडे असे.

या तीन जाती वापरण्याचे कौशल्य शिकले की प्रत्येक जात अंगाला वेगळा लाभ देते. तलवार सरळ शस्त्रबळ वाढवते, २५८ ने. कुऱ्हाड मर्मी घावाचा जोर बारा टक्के वाढवते. घण शत्रूच्या चिलखतातले २९७४ एवढे अंतर काटतो. हे आकडे खेळाच्या दर सुधारणेत इकडेतिकडे होतात, म्हणून ते पाठ करण्यात अर्थ नाही. मांडणीची रीत तेवढी ध्यानात धरावी.

मी प्रथम कुऱ्हाड घेतली. कारण सांगायला लाज वाटते : ती दिसायला सुंदर होती. तिला सोनेरी दर्जा द्यायला ‘टेंपरिंग अलॉय’चे आठ खडे लागतात. ते जमवायला मी दोन महिने खेळातल्या डोंगरांतून खनिज खणले आणि विकले. इतर मुली राक्षस मारत होत्या. मी कुदळ मारत होते.

आता हिशेब पाहा. मर्मी घाव म्हणजे अधूनमधून बसणारा मोठा वार. मुळात तो साध्या वाराच्या दीडपट असतो. कुऱ्हाड असेल तर एक पूर्णांक बासष्ट शतांशपट. दहापैकी पाच वार मर्मी बसत असतील तर सरासरी जोर १·२५ वरून १·३१ वर जातो, म्हणजे जवळजवळ पाच टक्के फायदा. पण माझ्या पात्राचे दहापैकी दोनच वार मर्मी बसत होते. त्या स्थितीत सरासरी १·१० वरून १·१२४, म्हणजे दोन टक्क्यांहून थोडाच अधिक लाभ. आठ खडे आणि दोन महिने, दोन टक्क्यांसाठी! हे गणित अकरावीच्या मुलालाही येईल. मी ते कुऱ्हाड घेतल्यावर केले, आधी नाही.

घणाचा हिशेब निराळा आहे. खेळातल्या मोठ्या म्होरक्यांचे चिलखत १८,२०० धरतात. दर ६६० चिलखतामागे वाराचा एक टक्का अडतो. म्हणजे मी शंभराचा वार केला तर सुमारे अठ्ठावीस वाटेत अडतात आणि बहात्तर पोचतात. घणाने २९७४ काटले की अडणारे तेवीस उरतात आणि सत्त्याहत्तर पोचतात. बहात्तरचे सत्त्याहत्तर म्हणजे सहा टक्क्यांची वाढ. आणि त्यासाठी मर्मी घावाची वाट पाहावी लागत नाही. एकट्याने मोठ्या शत्रूपुढे उभे राहणाऱ्या, फारशी सामग्री नसलेल्या लांडग्याला घण श्रेष्ठ, या निष्कर्षाला मी याच कागदावर आले.

दिवाळीच्या सुट्टीत घरी हे सगळे मोबाइलवरच्या चित्रांसह आईला दाखवले. तिने चित्र जवळ धरून पाहिले.

“आन् ह्यो लांडगा घण धरतोय कुठं?”

“धरत न्हाई. घणाचा जोर त्याच्या अंगात उतरतो.”

“बरं हाय त्येचं,” आई म्हणाली. “आमचा उतरतोय खांद्यात.”

मी चिलखताचे गणित तिला समजावू लागले. तिने पुरते ऐकून घेतले आणि मध्येच विचारले, “आन् पत्रा पातळ असला मंग? पातळ पत्र्याला कुनी घण मारतं का? त्याला हातोडी पुरं.”

मी गप्प झाले. कारण माझ्या वहीत ही बाजू नव्हती. परत आल्यावर पाहिले तर तिचे म्हणणे तंतोतंत लागू पडते. समूहात खेळताना बाकीचे साथीदार शत्रूचे चिलखत आधीच खिळखिळे करीत असतात. त्यांच्या दोन मुख्य कौशल्यांनीच ५९४८ आणि २९७४ वजा होतात. त्यात इतरांच्या संचांची भर पडली तर चिलखत जवळजवळ संपते. संपलेल्या चिलखतावर घणाचा अधिकचा भेद वाया जातो, त्याचा दुसरा कसलाच उपयोग होत नाही. तिथे तलवार, किंवा मर्मी घाव पुरेसे बसू लागले असतील तर कुऱ्हाड, हीच योग्य. माझी कुऱ्हाड मी मोडून टाकली नव्हती, हे नशीब.

दोन लहान शस्त्रांचा पर्याय थोडक्यात सांगते. एक हाती सोनेरी शस्त्राचे बळ १३३५, आणि डाव्या हातातले शस्त्र आपल्या बळाचा थोडाच अंश देते. दोन्ही मिळून बेरीज दोन हाती शस्त्राच्या आसपास येते, कौशल्य शिकल्यावर किंचित वर. शिवाय खंजीर हा चौथा प्रकार इथे मिळतो. तो मर्मी घावाचा जोर नव्हे तर त्याची शक्यता वाढवतो. दोन हातांत दोन वेगळ्या जाती घेता येतात, एक खंजीर आणि एक कुऱ्हाड, अशी चतुराई करता येते. पण सोनेरी दर्जाला प्रत्येक शस्त्रामागे आठ खडे, म्हणजे सोळा. ज्याच्याकडे आहेत त्याने जरूर करावे. मी केले नाही.

शस्त्राच्या जातीनंतर त्याचा गुण. एकूण नऊ गुण आहेत. लांडग्याला उपयोगाचे तीन-चार. धार लावलेले शस्त्र चिलखत भेदते, नेमके शस्त्र मर्मी घावाची शक्यता वाढवते, आणि ‘निर्न’ गुणाचे शस्त्र स्वतःचे बळ वाढवते. या तिसऱ्याचा खडा क्रॅगलॉर्न नावाच्या भागातला. दोन हातांत दोन शस्त्रे असतील तर तो उजव्या हातातल्या शस्त्राला द्यावा, कारण डाव्याचा अंशच मोजला जातो. चौथा गुण मला सर्वांत आवडतो, आणि तो लांडग्याच्या कामाचा नाही, माणसाच्या कामाचा आहे. ‘डिसायसिव्ह’ म्हणतात त्याला. अल्टिमेट भरत असताना अधूनमधून एक अधिक कण पदरात टाकतो. धनुष्याला मी हाच गुण दिला. लांडगा होईपर्यंतचा काळ धनुष्याने काढायचा असतो. त्या काळाला लोक विसरतात. रूप घेतले की तीस सेकंदांचे घड्याळ सुरू होते. पडलेल्या शत्रूंचे मांस खाऊन ते लांबवता येते, पण कधीतरी संपतेच, आणि मग पुन्हा माणूस होऊन, बाण मारत, पुढच्या रूपाची तयारी. शंभर टक्के लांडगा असा कोणी नसतो. त्याचे धनुष्यही निवडावेच लागते.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित मुद्दा, शस्त्र आणायचे कुठून. मोठ्या तळघरांतून मिळणारे संच नामांकित खरे. लांडग्यांसाठी तर ऑगस्ट २०१८ मध्ये ‘वुल्फहंटर’ नावाची दोन तळघरांची वेगळी भर निघाली. पण तिथे चार जणांचा समूह लागतो, सलग तास लागतो, आणि मध्येच रूमपार्टनरला प्रोजेक्ट आठवला तर तिघांची क्षमा मागून उठावे लागते. मी दोनदा तसे उठले. तिसऱ्यांदा गेले नाही. त्याऐवजी शस्त्र स्वतः घडवावे असे ठरवले. ‘हंडिंग्ज रेज’ हा संच कोणालाही घडवता येतो. शस्त्रबळ आणि मर्मी घाव दोन्ही देतो. त्याच्या भट्ट्या बँगकोराई, रीपर्स मार्च आणि द रिफ्ट याच तीन प्रदेशांत आहेत, म्हणजे जिथे लांडगे चावतात तिथेच. अट एवढीच की ज्या जातीचे शस्त्र घडवायचे तिच्यातले सहा गुण तुम्ही अभ्यासलेले असावेत. गुण अभ्यासायचा म्हणजे तो गुण असलेले एक शस्त्र भट्टीत कायमचे मोडायचे. पहिल्याला सहा तास लागतात, दुसऱ्याला बारा, तिसऱ्याला चोवीस, असे दुपटीने. कालबचतीचे कौशल्य नसेल तर सहा गुणांना ३७८ तास, म्हणजे पावणेसोळा दिवस. हा वेळ खऱ्या घड्याळाचा. लॅपटॉप बंद असला, मी वर्गात असले, गावी असले, तरी तो चालत राहतो. दीड तासाच्या मुदतीत खेळणाऱ्या मुलीला इतका न्यायी नियम खेळात दुसरा सापडला नाही.

मात्र हा अभ्यास जातीगणिक वेगळा करावा लागतो. कुऱ्हाडीचे सहा गुण शिकले म्हणून घण घडवता येत नाही. माझे तसेच झाले. कुऱ्हाडीचे पावणेसोळा दिवस संपल्यावर मी घणाला पहिल्यापासून सुरुवात केली. म्हणून म्हणते, जात आधी ठरवावी. आपण एकटे खेळणार की चौघांत, आपले वार मर्मी किती बसतात, हे कागदावर मांडावे, आणि मगच पहिले शस्त्र भट्टीत टाकावे. आणि सुंदर दिसते म्हणून काही घेऊ नये, निदान पहिले तरी.

घण माझा घडून झाला आहे. त्याचा सातवा गुणही मी अभ्यासाला लावला आहे, गरज नसताना. त्याला सोळा दिवस लागतील. परीक्षा संपायला सतरा आहेत.